दुखणे खरे, निग्रहही खरा

ब्रह्मदेशातील मंडाले शहरी १९२४ साली एका सधन भारतीय व्यापारी कुटुंबात जन्मलेले सत्यनारायण गोयंका ऐन तारुण्यात अर्धशिशीच्या अशा तीव्र विकाराने बेजार झाले होते की, नेहमीची औषधे त्या वेदनेपुढे निष्प्रभ ठरून डॉक्टरांना अखेर मॉर्फिनच्या इंजेक्शनांचा आश्रय घ्यावा लागत असे. आणि काही काळाने त्याच डॉक्टरांनी त्यांना बजावले की, आज डोके दुखते म्हणून मॉर्फिन घ्यावे लागत आहे, पण हा क्रम असाच चालू राहिला तर उद्या डोके दुखो वा न दुखो, मॉर्फिनवाचून चालणार नाही. परदेशांतील तज्ज्ञांचे उंबरठे झिजवूनही गुण आला नाही, तेव्हा १९५५ साली ते ब्रह्मदेश सरकारचे महालेखापालपद भूषविलेले विपश्यनेचे आचार्य सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. नवल असे की, केवळ डोकेदुखीवरचा इलाज म्हणून ही साधना करावयाची असेल तर येऊ नये, असे सांगून आचार्यांनी त्यांना प्रथम परत पाठविले. चित्तशुद्धीचा हेतू धरून ते पुन्हा आले, तेव्हाच त्यांना शिबिरात प्रवेश मिळाला. पुढे याच गृहस्थांनी १९६९ साली भारतात येऊन विपश्यनेचा प्रसार आरंभिला आणि १९७६ साली नाशिक जिल्ह्यात इगतपुरीस धम्मगिरीचे केंद्र उभे राहिले, हा इतिहास पुष्कळांस ठाऊक आहे. त्यामागची मॉर्फिनची ही हकिगत मात्र तितकीशी ठाऊक नसते.

गोयंकांना धोक्याची सूचना वेळेवर मिळाली. ज्यांना ती मिळाली नाही, किंवा मिळूनही जिचा उपयोग झाला नाही, अशा माणसांची संख्या फार मोठी आहे. त्यांतील काही जण कुटुंबाच्या, समुपदेशकाच्या आणि स्वतःच्या निग्रहाच्या बळावर दारू, गर्द किंवा गुंगीच्या गोळ्या यांच्या विळख्यातून बाहेर पडतात. परंतु व्यसन सुटले म्हणून कंबर दुखावयाची थांबत नाही, गुडघ्याची झीज भरून निघत नाही आणि पायांच्या तळव्यांची आग शमत नाही. अशा माणसापुढे रोज सकाळी एक विचित्र पेच उभा राहतो. वेदना सोसत राहावे, तर तिच्या जाचाने मन पुन्हा जुन्या वाटेकडे ओढले जाते. औषध घ्यावे, तर ते औषधच नव्या व्यसनाचे निमित्त होईल की काय, अशी धास्ती वाटते. या पेचातून सुटण्याचा मार्ग आहे आणि तो वैद्यकशास्त्राला बऱ्याच अंशी ठाऊकही आहे. अडचण आहे ती त्या मार्गाने उघडपणे जाण्याची.

जुनाट वेदनेचे स्वरूप

दुखणे म्हणजे शरीराने दिलेली इशारत, ही आपली सर्वसाधारण समजूत आहे आणि ताज्या दुखापतीच्या बाबतीत ती खरीही आहे. परंतु तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा वारंवार उद्भवणाऱ्या वेदनेला वैद्यकात जुनाट वेदना म्हणतात, आणि तिचा न्याय निराळा आहे. गावच्या जागल्याने चोर पळून गेल्यावरही रात्रभर ओरडत राहावे आणि काही दिवसांनी वाऱ्याने पान हलले तरी हाकाटी करावी, तशी मज्जासंस्थेची अवस्था होते: मूळ जखम भरून आलेली असते, पण मेरुरज्जू आणि मेंदू यांतील वेदनावाहक यंत्रणा अतिसंवेदनशील होऊन बसलेली असते. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ साली असे प्रतिपादन केले की, शरीराकडून येणारे वेदनेचे संदेश मेरुरज्जूत जणू एखाद्या फाटकातून जातात आणि ते फाटक किती उघडावे, यावर मेंदूकडून उतरणाऱ्या आज्ञांचाही ताबा असतो. त्यांच्या उपपत्तीत पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या. तथापि भीती, चिंता, निद्रानाश आणि एकाकीपणा यांनी वेदना वाढते आणि स्वस्थता, हालचाल व विश्वास यांनी ती उतरते, या नित्याच्या अनुभवाला त्या उपपत्तीमुळे शास्त्रीय बैठक मिळाली.

याचा अर्थ जुनाट वेदना ‘मनाची’ असते, असा मुळीच नाही. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली आपली व्याख्या सुधारून घेतली, तेव्हा तिच्या सोबतच्या टिपांत स्पष्ट नमूद केले की, आपल्याला दुखत आहे असे जो माणूस सांगतो, त्याच्या सांगण्याचा आदर राखला पाहिजे. हे वाक्य सर्वांनाच लागू आहे. ज्याच्या कपाळी ‘व्यसनी’ हा शिक्का एकदा बसला, त्याच्या बाबतीत मात्र या वाक्याचा विसर सर्वांत आधी पडतो.

दुखण्यावर उतारा म्हणून नशा

वेदना आणि नशा यांचे नाते आपल्याकडे काही नवे नाही. दात दुखतो म्हणून भाजलेल्या तंबाखूची मशेरी हिरड्यांना चोळावयास सुरुवात करणाऱ्या आणि दात पडून गेले तरी मशेरी न सुटलेल्या स्त्रिया महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत आजही आढळतात. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना अफूची बाळागोळी चाटवून निजवीत असत, ही गोष्ट त्या काळच्या आरोग्यविषयक अहवालांत नोंदलेली आहे. अंग मोडून आलेल्या हमालाने संध्याकाळी ‘थोडी घेणे’ ही तर शिणावरची सर्वमान्य तजवीज समजली जाई. पाश्चात्त्य औषधशास्त्राचा अनुभवही काही वेगळा नाही. फ्रीडरिश झेर्ट्यूर्नर या जर्मन औषधकाराने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अफूतून मॉर्फिन वेगळे काढले; त्याच मॉर्फिनपासून सिद्ध झालेले हेरॉइन १८९८ साली एका जर्मन कंपनीने खोकल्यावरील गुणकारी औषध म्हणून बाजारात आणले; आणि तेच पुढे अशुद्ध रूपात गर्द किंवा ब्राउन शुगर या नावाने आपल्या शहरांतील गल्लीबोळांत येऊन पोहोचले.

या प्रश्नाची व्याप्ती आज किती आहे, याचा अंदाज भारत सरकारच्या सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीवरून येतो. तिच्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करीत होते, आणि अफूवर्गीय पदार्थ वापरणाऱ्यांची संख्या २ कोटी २६ लाखांच्या घरात होती. त्यांत औषध म्हणून तयार झालेल्या गोळ्या, सिरप व इंजेक्शने यांचा गैरवापर करणारेही मोठ्या संख्येने होते. औषधाच्या दुकानातून मिळते, सबब ते निर्धोक असते, या समजुतीला एवढे उत्तर पुरेसे आहे. ट्रामाडॉल हे वेदनाशामक ‘सौम्य’ म्हणून वर्षानुवर्षे सर्रास लिहून दिले जात होते. २०१८ साली त्यालाही अंमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आणावे लागले.

व्यसन सुटल्यानंतरचे शरीर

व्यसनमुक्त माणसाची वेदना इतरांपेक्षा अवघड का ठरते, याची कारणे काही अंशी शारीरिक आहेत. दीर्घकाळ मद्यपान केलेल्यांच्या हातापायांतील मज्जातंतू दुबळे होऊन तळव्यांना मुंग्या आणि आग सुरू होते; मांडीच्या हाडाच्या माथ्याचा रक्तपुरवठा तुटून खुब्याचा सांधा निकामी होतो; स्वादुपिंडाला सूज येऊन पोटात पाठीपर्यंत जाणारी कळ वारंवार उठते. दारू काही तासांपुरती वेदना बधिर करते, हे खरे. पण ती उतरू लागली की संवेदनशीलता पूर्वीपेक्षा वाढलेली असते. अफूवर्गीय पदार्थांची तऱ्हा याहून विलक्षण आहे. ते दीर्घकाळ घेतल्याने काही जणांची वेदना सोसण्याची शक्तीच घटते, आणि जे औषध दुखणे थांबविण्यासाठी सुरू केले तेच दुखणे वाढवू लागते. गर्दसारखी नशा सोडण्यासाठी मेथॅडोनच्या उपचारावर असलेल्या रुग्णांना बर्फाच्या पाण्यात हात बुडवून ठेवावयास सांगणारे प्रयोग झाले आहेत. इतर लोक जितका वेळ हात आत ठेवू शकतात, त्यापेक्षा पुष्कळच आधी हे रुग्ण तो बाहेर काढतात. तेव्हा असा माणूस ‘एवढ्याशा दुखण्याचा बाऊ करतो’ असे म्हणणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे की, आपल्याला जे एवढेसे वाटते, ते त्याला खरोखरच अधिक दुखत असते.

झोपेचा प्रश्न याच्या जोडीला असतोच. नशा सोडल्यानंतर कित्येक आठवडे, काहींच्या बाबतीत महिनोन्‌महिने, झोप विस्कटलेली राहते. अपुऱ्या झोपेने वेदना वाढते आणि वाढलेल्या वेदनेने झोप आणखी उडते. रात्री दोन वाजता, घर निजलेले असताना, पाठीच्या ठणक्याने जागा असलेला माणूस आणि त्याची तलफ यांच्यामध्ये फारसे अंतर उरलेले नसते. व्यसनमुक्तीच्या कार्यकर्त्यांच्या बोलण्यात ज्याला ‘स्लिप’ म्हणतात, ती घसरण पुष्कळदा अशा वेळी होते.

अविश्वासाची दोन टोके

या माणसाशी वागावे कसे, याबाबत वैद्यकाने दोन्ही टोकांच्या चुका करून पाहिल्या आहेत, आणि त्यांचा सर्वांत मोठा दाखला अमेरिकेने दिला आहे. १९८० साली तेथील एका मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचे एक पत्र प्रसिद्ध झाले. त्याचा आशय असा की, रुग्णालयात मादक वेदनाशामके दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी व्यसन जडल्याची नोंद केवळ चौघांच्या बाबतीत सापडली. ही आकडेवारी रुग्णालयात दाखल असलेल्यांची होती. महिनोन्‌महिने घरी गोळ्या घेणाऱ्यांना ती लागू नव्हती. तरीही तो दाखला शेकडो लेखांतून बेधडक उद्‌धृत होत राहिला. १९९६ साली ऑक्सिकॉन्टिन नावाची दीर्घकाळ परिणाम करणारी गोळी बाजारात आली आणि तिच्यामुळे व्यसन क्वचितच लागते, असे डॉक्टरांच्या मनावर बिंबविण्यात आले. तिच्या उत्पादक कंपनीने २००७ आणि २०२० अशी दोनदा न्यायालयात गुन्ह्याची कबुली दिली. तोवर गावेच्या गावे उद्‌ध्वस्त झाली होती.

मग लंबक उलट दिशेला गेला. २०१६ साली तेथील रोगनियंत्रण केंद्राने डॉक्टरांसाठी सावधगिरीची मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि त्यांचा अर्थ कित्येकांनी असा लावला की, चालू असलेली औषधे एकदम तोडावीत. वर्षानुवर्षे त्या गोळ्यांवर असलेल्या रुग्णांची त्यामुळे दैना उडाली. काही रस्त्यावरच्या हेरॉइनकडे वळले, काहींनी जीव दिला. अशी औषधे अचानक बंद करणे घातक आहे, असा जाहीर इशारा तेथील औषध प्रशासनास २०१९ साली द्यावा लागला आणि २०२२ साली ती मार्गदर्शक तत्त्वे सुधारण्यात आली. निष्काळजीपणे देणे आणि निर्दयपणे तोडणे, या दोन्ही गोष्टींच्या मुळाशी एकच दोष होता: समोरच्या माणसाचा स्वतंत्र विचार न करता सर्वांना एकच फर्मान लागू करणे.

आपल्याकडे दोष निराळ्या रूपात आढळतो. नीमच आणि गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत अफूवर प्रक्रिया करणारा हा देश, पण १९८५च्या अंमली पदार्थविषयक कायद्यान्वये लागणारे परवाने इतके अनेक आणि किचकट होते की, कर्करोगाने तळमळणाऱ्या रुग्णांनाही मॉर्फिन मिळणे दुरापास्त झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने ही वाट काहीशी सुकर केली. आणि ज्याने पूर्वी व्यसन केले आहे, अशा रुग्णाला कर्करोग झाला, तर त्याला मॉर्फिन द्यावे की नाही, याविषयी अजूनही कुजबूज होते. याचे उत्तर निःसंदिग्ध आहे: द्यावे. प्रमाण आणि देखरेख यांचा बंदोबस्त अधिक काटेकोर असावा, एवढेच. वेदना ही पूर्वीच्या चुकांची शिक्षा असू शकत नाही.

औषधांची निवड आणि सावधगिरी

जुनाट वेदनेवर अफूवर्गीय औषध हा पहिला उपाय नाही, आणि व्यसनमुक्त माणसाच्या बाबतीत तर तो अगदी अखेरचा होय. पॅरासिटॅमॉल हे साधे औषध. निरोगी प्रौढाने दिवसाला ४ ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये, असा दंडक आहे, पण दारूने यकृत बिघडलेल्याला डॉक्टर सामान्यतः २ ग्रॅमच्या आत राहावयास सांगतात, आणि सर्दीच्या गोळीतही हेच द्रव्य असते हे विसरल्याने हिशेब चुकतो. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी सूज उतरविणारी औषधे नशा आणीत नाहीत. पण जठरात रक्तस्राव आणि मूत्रपिंडास इजा हे त्यांचे धोके पूर्वी भरपूर दारू प्यालेल्याच्या बाबतीत अधिक असतात. मज्जातंतूंच्या आगीवर ॲमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलॉक्सेटिन ही मूळची नैराश्यावरील औषधे चांगली लागू पडतात. ती दिली म्हणजे डॉक्टर आपल्याला वेडा समजतो, असा ग्रह करून घेऊ नये. प्रीगॅबालिन आणि गॅबापेन्टिन यांचाही उपयोग होतो, परंतु यांचा गैरवापर होऊ शकतो. अफूवर्गीय औषध किंवा दारू यांच्या जोडीने ती श्वासोच्छ्वास मंदावतात. झोपेच्या आणि चिंताशामक गोळ्यांची गोष्ट तर याहून धोक्याची आहे.

घरगुती आणि देशी उपायांकडे वळणाऱ्यांनीही डोळे उघडे ठेवावेत. सांधेदुखीवर आणि अशक्तपणावर घेतले जाणारे दशमूलारिष्ट, अश्वगंधारिष्ट यांसारख्या आसव-अरिष्टांत आंबविण्याच्या क्रियेतून तयार झालेला मद्यार्क असतो आणि तो बाटलीच्या लेबलावर नमूद असतो. होमिओपॅथीच्या मूळ अर्कांतही मद्यार्क असतो. दारूची चव पुन्हा जिभेला लागणे हा एक धोका. शिवाय दारू सुटण्यासाठी डायसल्फिराम घेणाऱ्याने असे औषध घेतल्यास चेहरा लाल होणे, छाती धडधडणे, ओकाऱ्या आणि रक्तदाब घसरणे असा प्रसंग ओढवू शकतो. वैद्यांना आपला पूर्वेतिहास सांगितला, तर ते काढा, चूर्ण किंवा गुटी यांची सोय करतात. प्रश्न सांगण्याचा आहे.

गर्द किंवा इंजेक्शनची नशा सोडण्यासाठी जे ब्युप्रेनॉर्फिन वा मेथॅडोनवर आहेत, त्यांच्याबद्दल एक गैरसमज विशेष रूढ आहे. ‘याला आधीच इतके जबर औषध चालू आहे, मग दुखेल कसे?’ असे रुग्णालयातही विचारले जाते. वास्तविक या औषधांचा तलफ रोखणारा परिणाम दिवसभर टिकतो, पण वेदनाशामक परिणाम साधारण सहा-आठ तासांतच ओसरतो. म्हणून एकूण मात्रा तीच ठेवून ती दिवसातून तीन-चार वेळा विभागून देण्याने वेदनाही आवरते. उलट, अफूवर्गीय पदार्थांचा परिणाम अडविणाऱ्या नाल्ट्रेक्सोनवर असलेल्या माणसाला मॉर्फिनवर्गीय औषध लागूच पडत नाही. शस्त्रक्रियेची तारीख ठरली की त्याने भूलतज्ज्ञाला हे आधी सांगावे, कारण ती गोळी सुमारे तीन दिवस आधी थांबवावी लागते. आणि एक इशारा सर्वांत महत्त्वाचा: काही महिने नशेपासून दूर राहिलेल्या शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, पूर्वी जी मात्रा पचत होती, तीच आता श्वास बंद पाडू शकते. घसरणीनंतर होणारे कित्येक मृत्यू याच चुकीने होतात.

वही, कुलूप आणि तिसरा माणूस

समजा, पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या कारखान्यात प्रेसवर काम करणारा पंचेचाळिशीचा एक गृहस्थ आहे. दारू सुटून चार वर्षे झाली, पण खुब्याचे दुखणे मागे लागले आहे. डॉक्टरांसमोर बसल्यावर तो दुखण्याविषयी सविस्तर बोलतो आणि दारूचा विषय गाळतो. नवीन डॉक्टर, कशाला उगाच नालस्ती! शेजारी बसलेली पत्नी हळूच म्हणते, “अहो, सांगा ना ते.” तो क्षणभर जमिनीकडे पाहतो आणि मग बोलतो, “डॉक्टर, मी पूर्वी फार प्यायचो. आता बंद आहे. गोळी लिहिताना तेवढे लक्षात असू द्या.” या दोन-तीन वाक्यांनी पुढील सारे उपचार बदलतात. डॉक्टर महिन्याच्या गोळ्यांऐवजी आठवड्याच्या लिहून देतात. दुकानदार कात्रीने स्ट्रिप कापून सातच गोळ्या कागदी पाकिटात घालून देतो. ते पाकीट पत्नीच्या कपाटात कुलपाआड जाते आणि रोजची गोळी हातावर पडते. यात त्याचा अपमान मुळीच नाही. ज्या हाताला एकेकाळी आवर घालता आला नाही, त्या हाताचे ओझे त्याने आपणहून दुसऱ्यावर सोपविले आहे.

याच माणसाने एक साधी वही ठेवावी. तीत पाच रकाने आखावेत: झोप किती लागली, वेदना शून्य ते दहापैकी किती, दिवसभरात काय केले, कोणते औषध घेतले, आणि तलफ आली का. महिनाभर अशी नोंद केल्यावर जे दिसते, ते केवळ आठवणीच्या भरवशावर कधीच दिसत नाही: बऱ्या वाटलेल्या दिवशी साचलेली सारी कामे उरकली की पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात, झोप बिघडलेल्या रात्रीनंतर तलफ येते, व्यसनमुक्तांच्या शनिवारच्या मीटिंगला गेलेल्या आठवड्यात वेदनेचा आकडा उतरलेला असतो. या नोंदीवरून कामाचे आणि विश्रांतीचे प्रमाण ठरविता येते. रोज थोडे चालणे, दुखत असतानाही मोजकेच पण नियमाने चालणे आणि बरे वाटत असतानाही ठरलेल्या मर्यादेतच चालणे, याला जुनाट वेदनेच्या उपचारांत मोठे स्थान आहे. भौतिकोपचारतज्ज्ञाने शिकविलेला व्यायाम, शेक, आणि वेदनेविषयीच्या भयंकर कल्पनांना तपासून पाहावयास शिकविणारे मानसोपचार, ही साधने औषधांइतकीच खरी आहेत. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट वेदनेने गांजलेल्या रुग्णांना ध्यान शिकविण्यास प्रारंभ केला, तेव्हापासून या मार्गालाही रुग्णालयांत जागा मिळाली. मात्र ध्यानाला बसण्यासाठी चालू औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत.

आता मीटिंगचा विषय निघालाच आहे, तर तेथील एका अडचणीचाही उल्लेख केला पाहिजे. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या बंधुसंघाच्या सभा महाराष्ट्रातही ठिकठिकाणी भरतात, आणि ‘फक्त आजचा दिवस’ या सूत्राने असंख्य संसार सावरले आहेत. परंतु अशा सभेत एखादा जुना सभासद कळकळीने सांगतो की, गोळी म्हणजे स्लिपच, आणि मग नवखा माणूस आवश्यक औषधही लपवून घेऊ लागतो किंवा सोडून देतो. या बंधुसंघाचे स्वतःचे साहित्य मात्र स्पष्ट सांगते की, कोणाही सभासदाने डॉक्टर बनू नये. ठरलेल्या मात्रेत, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या कारणासाठी आणि घरच्यांना ठाऊक असताना घेतलेले औषध ही घसरण नव्हे. वेळ चुकवून, मात्रा वाढवून, दोन डॉक्टरांकडून एकाच वेळी चिठ्ठ्या घेऊन, मन हलके व्हावे म्हणून घेतलेली गोळी ही घसरण होय, मग ती कितीही कायदेशीर असो.

पुण्यात डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने, १९८६ साली मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. व्यसनी माणूस हा गुन्हेगार नसून आजारी माणूस आहे आणि त्याच्याबरोबर त्याच्या घरालाही उपचार हवेत, हा विचार मराठी समाजात रुजविण्यात अशा केंद्रांचा मोठा वाटा आहे. त्या विचाराची पुढची पायरी अद्याप चढावयाची आहे. आजारी माणसाला दुसराही आजार असू शकतो, आणि दोन्ही आजारांची दाद एकाच वेळी घ्यावी लागते. अस्थिरोगतज्ज्ञाने व्यसनाचा विषय आपल्या कक्षेबाहेरचा मानू नये. व्यसनमुक्तीच्या समुपदेशकाने पाठदुखीला सबब मानू नये. आणि घरच्यांनी ‘पुन्हा गोळ्या?’ असे विचारण्याऐवजी ‘डॉक्टरांनी किती सांगितल्या आहेत?’ असे विचारावे.

ज्यांच्यापाशी विचारावयास कोणी नाही, त्यांच्यासाठी व्यसनमुक्तीविषयीचा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक १४४४६ आणि मानसिक आरोग्याविषयीचा १४४१६ हे दोन्ही विनामूल्य आहेत. वेदना पूर्णपणे जाईल, असे आश्वासन कोणी देत असेल तर त्यापासून दूर राहावे. वेदना असूनही कामावर जाता येईल, मुलांबरोबर बसता येईल आणि रात्री झोप लागेल, एवढे ध्येय ठेवावे. ते बहुतेकांना गाठता येते. त्यासाठी पहिली अट एकच आहे: डॉक्टरांपासून, घरच्यांपासून आणि स्वतःपासून ना दुखणे लपवावे, ना तलफ.